सावली नसलेले सर

आमच्या गल्लीत विड्या वळताना टीव्ही लावत नाहीत. टीव्ही लावला की नजर तिकडे जाते आणि पान तिरकं गुंडाळलं जातं. कारखान्याचा माणूस अशी विडी बाजूला काढतो. कान मात्र मोकळेच असतात. त्यामुळे निपाणीच्या आमच्या गल्लीत ऐकायची सवय जुनी आहे. दुपारची जेवणं उरकली की पाच-सहा बायका मांडीवर सुपं घेऊन आमच्या दारापुढच्या कट्ट्यावर बसतात. ज्या घरात वाचणारं पोर असेल त्या घरानं ते पोर द्यायचं. चौथीत गेल्यापासून ते पोर मी होते.

याला एक नियम होता. वाचणाऱ्या पोरीचे हात आईच्या कामाला येत नाहीत, म्हणून उठताना प्रत्येक बाईनं आपल्या सुपातल्या मूठभर विड्या त्या आईच्या सुपात टाकायच्या. कुणी मोजत नसे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि माझं शिक्षण त्या मुठींवर झालं असं मी मानते. हे आईसमोर बोलले तर ती म्हणते, "आन् मी काय झोपा काढल्या व्हय?"

दुसरी एक पद्धत माझीच होती. परमुलखातली गोष्ट मी निपाणीची करून सांगायची. पुस्तकात नदी आली की ती वेदगंगा व्हायची. डोंगर आला की तवंदीचा घाट. राजवाडा केवढा, तर तंबाखूच्या जुन्या वखारीच्या तिप्पट. बायकांना डोळ्यापुढे काही दिसायला हवं, आणि त्यांनी जे पाहिलं होतं त्यातूनच ते दिसणार. या पद्धतीनं मी सगळं जग त्या कट्ट्यावर आणलं. आणि याच पद्धतीनं एकदा एका मुलीचं शिक्षण बुडवायला निघाले होते.

तेव्हा मी बेळगावला इंग्रजीत एम. ए. करत होते. आठवडाभर हॉस्टेलवर राहायचं, शनिवारी बसनं निपाणीला यायचं, रविवारी कट्ट्यावर वाचायचं आणि सोमवारी पहाटेची बस धरायची. हॉस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीनं मला एक इंग्रजी कादंबरी दिली. जाडजूड पुस्तक, काळं वेष्टन, पानांच्या कडासुद्धा काळ्या रंगवलेल्या. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "मंत्राचं पुस्तक हाय काय?"

तसं ते होतंच. डोंगरमाथ्यावर काळ्या दगडाचं एक विद्यापीठ, बारा महिने धुक्यात बुडालेलं. तळघरातल्या ग्रंथालयात पुस्तकं आपसांत कुजबुजतात. तिथं एक मुलगी एका बॅगेनिशी शिकायला येते. तिच्या घराण्यात तिच्याआधी कुणी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तिथले एक प्रोफेसर मेलेल्या भाषा शिकवतात. त्यांना सावली नाही, कारण तीनशे वर्षांपूर्वी त्यांनी विद्येच्या बदल्यात ती देऊन टाकली आहे. कुणालाच न लागलेली एक पोथी या मुलीला वाचता येते. प्रोफेसर ते ओळखतात आणि दोघं प्रेमात पडतात.

मी ते पुस्तक दोन शनिवारांत संपवलं. का, तेही सांगते. मी मराठी माध्यमातली. पहिल्या सहामाहीत वर्गात इंग्रजीत प्रश्न आला की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. आमचे सर धारवाडकडचे, वयानं पन्नाशीच्या पुढचे. मराठी कानडी हेलानं बोलायचे, पण आवडीनं. मी लिहिलेलं पहिलं उत्तर त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि खाली लाल शाईनं लिहिलं, "विचार तुमचा आहे. भाषा येईल. पुन्हा लिहा." मी ते आठ वेळा लिहिलं आणि त्यांनी आठही वेळा वाचलं. माझं लिहिलेलं इतकं लक्ष देऊन वाचणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. त्यात ही कादंबरी हातात आली आणि दोनेक आठवडे मी मनाशी धरून चालले की आपल्याला जे वाटतं आहे ते प्रेमच असणार. कुणाला बोलले नाही. वही दाखवायला जाताना वेणी मात्र नीट घालू लागले.

सरांची खोली दुसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. कुणी विद्यार्थिनी आत आली की ते पायानं एक वीट सरकवून उघड्या दाराला लावायचे. कोपरा तुटलेली साधी वीट होती. मला वाटायचं कडी मोडली असेल, नाहीतर वाऱ्यानं दार आपटत असेल. त्या विटेकडे मी कधी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

मग एका रविवारी मी ती कादंबरी कट्ट्यावर सांगायला घेतली. वाचून दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून मराठीतून सांगत गेले. आणि सवयीप्रमाणे ते विद्यापीठ आमचं बेळगावचं कॉलेज झालं. वळणाचा दगडी जिना आमचा, उंच खिडक्या आमच्या. बायकांना पटावं म्हणून मी जिन्याचा फोटोही मोबाईलवर दाखवला. प्रोफेसरांना आमच्या सरांची कापडी पिशवी दिली, चष्मा दिला, दुसऱ्या मजल्याच्या टोकाची खोली दिली. वीट तेवढी गाळली. सावली नसलेल्या माणसाच्या दाराला वीट शोभली नसती.

"सावली न्हाय म्हंजी भूतच की गं ते," कोपऱ्यावरच्या आत्ती म्हणाल्या. कट्ट्यावर वयानं त्याच मोठ्या.

"भूत न्हाय आत्ती, प्रोफेसर हाय."

"तीनशे वर्सं नोकरी? आमच्या ह्येंला साठ भरल्याबरोबर हार घालून घरी लावलं."

"आन् तीनशे वर्सांत बायको मिळाली न्हाय व्हय त्याला?" आई म्हणाली. "लई चिकित्सक दिसतोय."

"सावली बघूनच पोरी माघारी जात असतील," आत्ती म्हणाल्या.

"सावली न्हायच की त्याला!"

"तेच म्हणतोय मी."

पाच रविवार असे हसतखेळत गेले. बायका आठवडाभर आईला विचारायच्या, पोरगी कधी येणार, त्या मास्तरचं पुढं काय झालं. सहाव्या रविवारी मी दोघांच्या प्रेमाच्या भागाशी आले. मुलगी पोथी घेऊन जिना चढते. प्रोफेसर तिला आत घेतात. दार मिटतं.

"मिटलं?" आक्कांनी विचारलं.

आक्का आमच्या शेजारच्या. गल्लीत सगळ्यांत भरभर हात चालतो तो त्यांचा, आणि सगळ्यांत कमी बोलतात त्याही त्याच.

"व्हय आक्का, मिटलं. आन् मेणबत्त्या आपोआप पेटल्या."

कुणी हसलं नाही. आक्कांचे हात थांबले होते. मला वाटलं, गोष्ट काय रंगली आहे! त्या खुशीतच मी त्या दिवशीचा भाग संपवला.

पुढच्या शनिवारी निपाणीच्या स्टँडवर उतरले, तर आक्कांची मुलगी माझी वाट बघत उभी होती. नुकतीच बी. ए. झाली होती. चांगले गुण मिळाले होते आणि आमच्याच कॉलेजात एम. ए.ला तिचा नंबर लागला होता. महिनाभरापूर्वी पेढे घेऊन आली होती. आता तिचे डोळे सुजलेले होते.

"ताई, आई न्हाय म्हणत्या. हॉस्टेलच्या फारमवर सही करत न्हाय. सोमवारी शेवटचा दिवस हाय."

"का? काय झालं?"

"काय झालं इचारताय? त्या मास्तरचं दार कशाला मिटलासा तुमी?"

मला कळायला वेळ लागला. आक्का एका शब्दानं भांडल्या नव्हत्या. फक्त मुलीला म्हणाल्या होत्या, निपाणीत मिळंल ते काम कर, त्या कालेजात मी पाठवत न्हाय. तिचे वडील ट्रकवर असतात. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, आई म्हणंल तसं.

घरी बॅग टाकून मी तशीच आक्कांकडे गेले. त्या पानं भिजवत होत्या.

"आक्का, ती गोष्ट हाय. खरं न्हाय त्यातलं कायबी."

"जिना खरा हाय न्हवं? फोटू दावलीस की."

"जिना खरा हाय."

"त्या मास्तरची पिशवी?"

"ती पण खरी."

"टोकाची खोली?"

मी मान हलवली.

"मग दारच तेवढं खोटं कसं म्हणू मी?"

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी शांतपणे विचारत होत्या. तेव्हा मला ती वीट आठवली. मी घाईघाईनं सांगू लागले. सरांच्या दाराला वीट असते, मुली आत असल्या की दार कधीच मिटलेलं नसतं. बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं की ती वीट वाऱ्यासाठी नव्हती. वर्षभर मी त्या विटेजवळून आत-बाहेर करत होते.

आक्कांनी पान झटकलं. "आज काढलीस व्हय वीट? सहा रविवार न्हवती."

त्यांचं बरोबर होतं. अंगाशी आल्यावर गोष्टीत घातलेली वीट कोण मानणार? माझ्या मागोमाग आई येऊन उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "मग जाऊन बघूया की. बस काय बंद पडल्या?"

आक्कांनी ओले हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "बघतो. आधी बघतो, मग सही."

सोमवारी आम्ही चौघी निघालो. कर्नाटकाच्या बसला बायकांना तिकीट पडत नाही. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो. आक्कांनी ते नीट घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं. मुलगी कागदांची फाईल छातीशी धरून बसली होती. हत्तरगीचा टोलनाका गेला तशी तिनं कागद पुन्हा एकदा मोजून पाहिले.

कॉलेजच्या जिन्याशी आक्का थांबल्या. कठड्यावर हात ठेवून त्यांनी वर पाहिलं.

"ह्योच व्हय त्यो?"

"व्हय आक्का."

त्या एकेक पायरी बघून चढल्या. वाटेत ग्रंथालय लागलं. आत मुली खाली मान घालून लिहीत होत्या, एक पेंगत होती. आक्कांनी कपाटांवरून नजर फिरवली आणि मला हळूच विचारलं, "ह्यातली बोलणारी कुठली?" थट्टा होती की खरंच विचारत होत्या, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सर खोलीतच होते. आम्हाला बघून उठून पुढे आले. "बर्री, बर्री. कुंद्री," या, बसा, असं कन्नडमध्ये म्हणत त्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या, आणि ते करता करता, न बघता, पायानं वीट सरकवून दाराला लावली.

आक्कांनी विटेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग त्या बसल्याच नाहीत, खाली वाकून फरशीवर काहीतरी शोधू लागल्या. सर टेबलामागे परतले होते. त्यांच्या मागे खिडकी होती, तिच्यातून ऊन आत आलं होतं. त्यांची सावली टेबलावरून उतरून थेट आईच्या पायापर्यंत आली होती. आक्कांनी आईला कोपरानं ढोसलं. "हाय की गं."

"काय पडलं काय?" सरांनी विचारलं.

माझ्या मनात आलं, आता ही फरशी दुभंगावी. आई मोकळेपणानं म्हणाली, "सावली बघत्यात तुमची."

मग मला सगळं सांगावं लागलं. कादंबरी, कट्टा, जिना, पिशवी, मिटलेलं दार. सांगताना मी सरांकडे पाहू शकत नव्हते. वेणीसुद्धा आठवली आणि कानशिलं तापली. सर ऐकत होते, माझं उत्तर वाचायचे तसेच, मध्ये एक शब्द न बोलता. ऐकून झाल्यावर ते आधी आक्कांशी बोलले.

"फरशीला उतार आहे बघा, बाई. सोडलं की दार मिटतं. मुली वही घेऊन येतात, बसतात. बाहेरून जाणाऱ्याला आतलं दिसलं पाहिजे. आतल्या मुलीला उठून जावंसं वाटलं तर तिला दार उघडायला लागू नये." मग जरा थांबून म्हणाले, "माझी मुलगी म्हैसूरला शिकते. तिथं दाराला काय लावतात, मला माहीत नाही. फोनवर विचारायला संकोच होतो."

"तिच्या आईला इचारायला सांगा की," आक्का म्हणाल्या. "त्यात काय लाजायचं?"

"सांगतो," सर म्हणाले. त्यांनी खरंच मान डोलावली.

मग ते माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. "ती मुलगी तिथं शिकायला आली होती ना? परीक्षा कधी दिली तिनं?"

मी डोक्यात पानं उलटली. पाचशे पानांत खून होते, शाप होते, मेणबत्त्या होत्या. परीक्षा कुठंच नव्हती. कुणाचा निकाल लागला नव्हता.

"दिली नाही, सर."

"मग हे तुम्ही वाचताना विचारायला हवं होतं," ते म्हणाले आणि आमच्यासाठी चहा सांगायला बाहेर गेले.

जाताना त्यांनी विटेला पाय लागू दिला नाही. मी त्या तुटक्या कोपऱ्याकडे बघत बसले आणि दोन आठवडे प्रेम म्हणून जपलेलं जे काही होतं ते मला तिथं स्वच्छ दिसलं. या माणसानं माझं लिहिणं वाचलं होतं आणि दार उघडं ठेवलं होतं. दोन्ही माझ्यासाठी केलं होतं, आणि दोन्हीबद्दल कधी बोलला नव्हता. मला जे वाटत होतं ती कृतज्ञता होती, आणि तिला दुसरं नाव द्यायची काही गरज नव्हती. मन हलकं झालं.

आक्कांनी हात पुढे केला. "दे ते फारम."

सरांच्या टेबलावर, त्यांच्या पेननं, आक्कांनी सही केली. एकेक अक्षर थांबून, जीभ दाताखाली धरून. ही सही मी सातवीत असताना त्याच कट्ट्यावर त्यांना शिकवली होती. मुलगी बघत होती. सही संपली तशी ती फाईल उचलून ऑफिसकडे पळाली. चहा येईपर्यंतही थांबली नाही.

पुढच्या रविवारी कट्ट्यावर बसले तेव्हा गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला होता. मला तो सांगायचा नव्हता, पण अर्धी गोष्ट टाकून उठायची आमच्यात रीत नाही. मी आहे तसा सांगितला. ती मुलगी आपलीही सावली देऊन टाकते आणि प्रोफेसरांबरोबर त्या तळघरात कायमची राहते. पहिल्यांदा वीटही घातली. म्हटलं, आमच्या कालेजात वीट असत्या, त्या कालेजात न्हवती.

"म्हंजी ती शिकलीच न्हाय?" आत्तींनी विचारलं.

"न्हाय."

"मग एवढा डोंगर कशाला चढली?"

"सावली देऊ नगंस म्हणावं कुणाला," आई म्हणाली. "उन्हातान्हात लागत्या."

आक्का विडीचं तोंड मिटवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आधी परीक्षा दे म्हणावं तिला. त्यो कुठं पळून चाललाय? तीनशे वर्सं थांबलाय, आणि दोन वर्सं थांबंल."

सगळा कट्टा हसला. आत्तींच्या सुपातली तंबाखू सांडली. मी तोच शेवट धरला. आता कुणी ती गोष्ट मागितली की मी आक्कांचाच शेवट सांगते.

मुलीला हॉस्टेलला सोडायला जाताना आक्कांची पिशवी इतकी जड लागली की कंडक्टरनं विचारलं, आत काय आहे. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक वीट होती. मुलगी लाजेनं लाल झाली. "आई, हॉस्टेलला कशाला वीट? तिथं सगळ्या पोरीच असत्यात."

"असूदे. कुणाच्या तरी दाराला लागंल."

ती मुलगी पहिल्यांदा घरी आली तो रविवार मला नीट आठवतो. कट्ट्यावर सगळ्या जमल्या होत्या. मी सवयीनं पुस्तक घेऊन बसायला निघाले, तर आत्ती म्हणाल्या, "तू सरक. आज हिला वाचू दे." तिनं तिच्या अभ्यासातली एक गोष्ट काढली. सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी अडखळली, मग आवाज लागला. मी आईचं सूप मांडीवर घेतलं आणि विड्या वळायला बसले. माझा हात आता तेवढा चालत नाही. आईनं माझ्या दोन विड्या सोडून पुन्हा बांधल्या.

ऊन कलल्यावर बायका उठल्या. एकेकीनं आपल्या सुपातली मूठ आक्कांच्या सुपात टाकली. आक्का नको नको म्हणत होत्या. मीही माझी मूठ टाकली. त्यातल्या बऱ्याच विड्या वाकड्या होत्या. आक्कांनी त्या पाहिल्या आणि तशाच राहू दिल्या.